घळीची वाट

फोटो आला तेव्हा थोरल्याच्या हातात कुणा बाईच्या पुढच्या दोन दातांचं मेण होतं. दातांच्या डॉक्टरांकडून जबड्यांचे ठसे यायचे, त्यावरून हा प्लास्टरचे साचे ओतायचा, मेणात दात घडवायचा, भट्टीत दातांवर बसवायच्या टोप्या भाजायचा. बावीस वर्षं हाच उद्योग. शहरातली शेकडो तोंडं त्याला पाठ होती, चेहरा मात्र एकाचाही माहीत नव्हता. फोन थरथरला तसा त्यानं तो करंगळीनं उघडला. शेवाळलेल्या दगडावर कुणाचा तरी चिखलानं भरलेला पंजा होता आणि त्या पंजात, एखादं फळ दाखवावं तसा, माणसाचा वरचा जबडा. खाली जंगलखात्याच्या चौकीवरून आलेल्या दोन ओळी. वेत तोडणाऱ्या माणसाला घळीत सापडलं. तुमच्या माणसाचं आहे का ते कळवा. थोरल्यानं मेण खाली ठेवलं. ठेवताना ते बोटाला चिकटून आलं आणि बाईचा एक दात वाकडा झाला, तो थोरला उगाच जरा वेळ सरळ करत बसला. दुसऱ्यांदा फोटो बघायची गरजच नव्हती. डावीकडचा पुढचा दात त्याचा स्वतःचा होता. म्हणजे त्यानं केलेला.

धाकटा एकोणीस वर्षांचा असताना जिन्याच्या चार-चार पायऱ्या उड्या मारत उतरत होता, तेव्हा पडला. सुजलेला ओठ घेऊन याच टेबलाशी स्टुलावर बसला आणि वर हसत म्हणाला, "दादा, असा कर की कुणाच्या बापाला कळता कामा नये." थोरल्यानं तीन दिवस त्या एका दातावर घालवले. खोटा दात अगदी निर्मळ केला की खोटा म्हणून ओळखू येतो, त्यात कणभर खोट ठेवावी लागते, ही या धंद्यातली पहिली शिकवण. शेजारच्या खऱ्या दातावर दुधाच्या थेंबाएवढा पांढरा डाग होता. तसाच डाग त्यानं सगळ्यात बारीक ब्रशनं, श्वास रोखून, टोपीच्या कडेला उतरवला. डॉक्टरसुद्धा फसले. धाकट्याचं लग्न ठरलं तेव्हा मुलीला हे माहीत नव्हतं. लग्नानंतर सहा महिन्यांनी कळलं आणि तिनं आठवडाभर ज्याला त्याला सांगून हसू केलं. आता चिखलातून तो डाग तसाच्या तसा वर बघत होता. हाड पिवळं पडलं होतं, टोपीचा रंग मात्र तोच. भट्टीतून निघालेल्या वस्तूला मरण नसतं, हेही या धंद्यात शिकायला मिळतं. ते कुणी शिकवत मात्र नाही.

भावजय चौकातल्या औषधांच्या दुकानात काम करायची. थोरला गेला तेव्हा ती एका म्हाताऱ्याला कुठली गोळी जेवणाआधी आणि कुठली नंतर ते तिसऱ्यांदा समजावत होती. म्हातारा गेल्यावर तिनं फोन हातात घेतला, दोन बोटांनी फोटो मोठा केला, लहान केला, पुन्हा मोठा केला. तिचा चेहरा हलला नाही. गेल्या वर्षभरात तिनं चेहऱ्याला ती सवयच लावून घेतली होती.

"तुम्हीच केला होता ना तो दात," ती म्हणाली. "मग तुम्हाला कळायला हवं."

"फोटो अंधुक आहे," थोरला म्हणाला. "नक्की असं काही सांगता येत नाही."

"घळीत सापडलं म्हणतायत. तुम्ही तर त्यांना वर कड्याखालच्या कपारीत ठेवून आला होतात."

"म्हणूनच म्हणतो, दुसऱ्या कुणाचं असेल."

फोन परत देत ती म्हणाली, "तर मग वर जाऊन बघू. मी सुट्टी टाकते. दादा, मला आता एक काय ते कळू दे. सवाष्ण की विधवा, काय समजायचं स्वतःला, तेवढंच."

'हो, तोच आहे' एवढंच म्हटलं असतं तर ती जागच्या जागी रडली असती आणि डोंगर टळला असता. म्हणजे निदान त्याला तसं वाटलं. पण ते म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न घळीचा आला असता, आणि त्या प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर नव्हतं. उत्तर होतं, म्हणूनच नव्हतं. आईला दोघांनी सांगितलं की चौकीवर काही सह्या करायच्या आहेत. आईनं दोघांच्या सॅकमध्ये कोरडे मोजे भरले आणि सह्यांसाठी एवढे मोजे कशाला, हे कुणीच बोललं नाही.

डोंगराच्या पायथ्याशी बस संपते, तिथून अर्धा दिवस होडी, मग शेवटची वस्ती. वेतवाला तिथे वाटच बघत होता. पन्नाशीचा, वाळलेल्या मुळीसारखा माणूस, कमरेला कोयता, गुडघ्यापर्यंत रबरी बूट. त्यानं दोघांच्या बुटांकडे बघून मान हलवली. "हे बूट फोटो काढायला चांगलेत," तो म्हणाला. "चला. डोंगराला घाई खपत नाही आणि उशीरही खपत नाही. सासूसारखा आहे." भावजय किंचित हसली. वर्षभरात थोरल्यानं तिला हसताना पाहिलं नव्हतं.

त्या जंगलात शिरणं म्हणजे कुणाच्या तरी ओल्या तोंडात शिरण्यासारखं होतं. उकाडा होता पण ऊन नव्हतं. पानांवर पानं, त्यांच्यावर वेली, वेलींवर शेवाळ, आणि या सगळ्यातून झिरपून आलेला हिरवट उजेड. पाऊस थांबला तरी तासभर झाडंच गळत राहायची, टप टप टप. पायवाट म्हणजे मुळांची शिडी. एका मुळावर पाय दिला की दुसरं मूळ निसटायचं, हात टेकावा तर ज्याला झाड समजलं ते आतून भुसा झालेलं असायचं. जळवा बुटांच्या शिवणीतून आत जात. भावजय दर तासाला थांबायची, मोजे खाली करायची, न बोलता एकेक जळू नखानं सोडवायची आणि जखमेवर कापूस दाबायची. औषधाच्या बाटलीवर लेबल लावावं तितक्या शांतपणे. थोरल्यानं आपल्या जळवा तशाच राहू दिल्या. पोटभर पिऊन त्या आपोआप गळत होत्या, आणि आपलं कुणी काही घेतंय याचं त्याला बरंच वाटत होतं. वर्षापूर्वी याच शिडीवर धाकटा पुढे होता. डोंगराचं वेड त्याचं. थोरल्याला त्यानं ओढून आणलं होतं, तोंडं बघून बघून तुझं थडगं होईल दादा, चल जरा आभाळ बघ, म्हणून. शिखरावर आभाळ नव्हतंच, नुसतं धुकं होतं. तिथं उभं राहून धाकट्यानं दोन्ही हात पसरले आणि म्हणाला, "घे. पाहिलंस आभाळ?" आणि इतका हसला की खोकला आला. उतरताना पाऊण तासावर त्याचा पाय दोन मुळांच्या फटीत गेला आणि शरीर पुढे गेलं. सुकं लाकूड मोडल्यासारखा आवाज झाला. थोरल्याला आधी वाटलं लाकूडच मोडलं.

"इथनं दोन वाटा," वेतवाला दुसऱ्या दिवशी दुपारी म्हणाला. "एक धारेवरून कड्याकडे. तिकडूनच गेल्या खेपेला सगळे शोधायला गेले होते. दुसरी घळीची. घळीत आम्ही वेतवाले सोडून कुणी येत नाही. जाड वेत तिथंच. यंदाही मी आलो नसतो, पण धारेवरचा सगळा तोडून संपला."

"त्या वेळी घळीत कुणी पाहिलं नाही?" भावजयीनं विचारलं.

"ओढा फुगला होता तेव्हा. उतरायचं म्हणजे जिवावरचं काम. तरी आमच्यातला एक म्हणत होता, दोराने उतरून बघू." वेतवाल्यानं थोरल्याकडे पाहिलं. ते पाहणं साधंच होतं, त्यात आरोप नव्हता. "पण हे दादाच म्हणाले ना, तिकडं काही गरज नाही."

थोरला खाली बघून बुटाची नाडी बांधत राहिला. नाडी सुटलेली नव्हती. त्यानंतर भावजय त्याच्या पुढे चालायची ती मागे चालायला लागली, आणि मानेवर कुणीतरी ओला हात ठेवावा तशी तिची नजर त्याला सारखी जाणवत राहिली.

घळ उभी होती. वेतवाला कोयत्यानं वाट करत होता, वेताचे काटे कपड्यांना धरून मागे ओढत होते. एक काटा सोडवावा तर दुसरा धरायचा. त्या धरण्यानं थोरल्याला धाकट्याची बोटं आठवली. ती आठवू नयेत म्हणून तो वर्षभर धडपडला होता. कामात, झोपेच्या गोळीत, आईच्या खोलीतला पंखा दुरुस्त करण्यात. त्या दिवशी, पाय मोडल्यावर, जवळच्या कपारीत ताडपत्री बांधून झाली, पाण्याच्या दोन बाटल्या, बिस्किटं, गोळ्या सगळं धाकट्याच्या हाताशी ठेवून झालं. पाय भोपळ्यासारखा सुजला होता. थोरला सॅक पाठीला लावून उठला, तर धाकट्यानं सॅकचा पट्टा धरला. "दादा, जाऊ नकोस," तो म्हणाला. "उद्या सकाळी बघू. आजचा दिवस थांब. मला इथं एकट्याला नाही जमणार." बत्तीस वर्षांचा पुरुष, पण आवाज सात वर्षांच्या पोराचा. आणि थोरल्याला त्या आवाजाची भीती वाटली. मदत आणायला जायचंय, दिवस उतरायच्या आत जायला हवं, हे खरंच होतं, शहाणपणाचंच होतं. पण त्याच्या पायांना जी घाई होती ती मदतीची नव्हती. त्याला तिथून निघायचं होतं. त्या कपारीतून, त्या आवाजापासून, त्या पायाच्या वासापासून. धाकट्यानं पट्टा सोडला नाही तेव्हा त्यानं त्याची बोटं सोडवली. एकेक करून. करंगळी, मग तिच्या शेजारचं, मग मधलं. गरम होती बोटं. शेवटी अंगठा राहिला, तोही त्यानं काढला आणि मागं न बघता सरळ घळीनं उतरला, कारण ती वाट सगळ्यात जवळची होती. वस्तीवर पोचला तेव्हा बायका-माणसं गोळा झाली. कुणीतरी पाण्याचा तांब्या दिला आणि कुणीतरी अगदी सहज विचारलं, "एकट्याला टाकून आलात?" त्या क्षणाला, तांब्या ओठाला असताना, त्याच्या तोंडून निघून गेलं, "तोच म्हणाला. चिडूनच म्हणाला, तू हो पुढे, मी इथून तसूभर हलणार नाही." ते 'चिडून' त्यानं मुद्दाम घातलं होतं. दुधाच्या थेंबाएवढा डाग. सगळ्यांना पटलं.

"आलं," वेतवाला म्हणाला.

ओढ्याच्या काठी एक मोठा आडवा खडक होता, त्याच्या पोटाशी कोरडी जागा. तिथं ताडपत्रीचा तुकडा, फाटलेली सॅक, आणि शेवाळानं जवळजवळ आपलीशी करून टाकलेली हाडं. वेतवाल्यानं टोपी काढली. जबडा त्यानं केळीसारख्या रुंद पानात गुंडाळून खडकावर ठेवला होता. भावजय गुडघ्यांवर बसली, तिनं पान उघडलं, रुमाल ओला करून दातावरचा चिखल पुसला. बराच वेळ पुसत राहिली.

"हेच," ती म्हणाली. "आणि हे तुम्हाला फोटोतच कळलं होतं."

थोरल्यानं मान हलवली.

"कपार कुठंय?" तिनं वेतवाल्याला विचारलं. त्यानं वर बोट दाखवलं. उभ्या घळीच्या पार वर, धुक्यात. धड पायांच्या माणसाला उतरायला दोन तास. "हा माणूस सरकत आलाय," वेतवाला म्हणाला. "बसून, हातांवर. बघा, चड्डीची मागची बाजू पार झिजलीय. जिगर म्हणायची."

भावजयीनं सॅक उपसली. बिस्किटांचा कागद, एक बाटली, कंगवा. तळाशी गोळ्यांची पट्टी. ती तिनं उजेडाकडे धरली आणि दुकानात धरावी तशी तिच्यावरून अंगठा फिरवला. "दहाची पट्टी. सकाळ-संध्याकाळ एक, त्याहून जास्त घ्यायची नाही, जठराला त्रास होतो, असं मीच बजावलं होतं. आठ घेतल्यात." तिनं मान वर केली. "चार दिवस. तुम्ही माणसं घेऊन वर कधी पोचलात?"

"तिसऱ्या दिवशी," थोरला म्हणाला. "सकाळी."

त्या तिसऱ्या सकाळी रिकाम्या कपारीशी उभं राहून वस्तीवरच्या माणसानं विचारलं होतं, तुमच्यामागोमाग घळीत उतरला असेल का हो? आणि थोरल्याला त्याच क्षणी, पोटातून, हाडातून ठाऊक झालं होतं की हो, उतरला असेल, दुसरं काय करणार तो. पण हो म्हणायचं म्हणजे तांब्याशी बोललेलं वाक्य गिळायचं. पंधरा माणसं त्याच्या तोंडाकडे बघत होती. तो म्हणाला, "नाही. हलणार नाही म्हणाला होता. कड्याच्या बाजूला बघा." सहा दिवस त्यांनी कड्याची बाजू पाहिली.

हे सगळं त्यानं भावजयीला सांगितलं. उभ्या उभ्या, ओढ्याच्या वर आवाज चढवून, कारण हळू बोललेलं ऐकूच येत नव्हतं. अशी गोष्ट ओरडून सांगावी लागते याचीही त्याला लाज वाटली. बोटांचं सांगितलं. अंगठ्याचं सांगितलं. वेतवाला पाठ फिरवून उगाच वेत छाटत राहिला. सांगून संपलं तेव्हा त्याला वाटलं आता ती मारेल, किंचाळेल, त्याला ओढ्यात ढकलेल. ढकललं असतं तर तो गेला असता, हात न हलवता. तिनं तसं काही केलं नाही. तिनं आपल्या सॅकमधलं सगळं बाहेर काढलं, आईनं दिलेल्या कोरड्या मोज्यांमध्ये लहान लहान हाडं भरली, मोठी टॉवेलात बांधली. थोरला वाकला तसं ती म्हणाली, "हात लावायचा नाही." एवढंच. 'दादा' हा शब्द तिनं पुढे जोडला नाही, आणि वर्षानुवर्षं अंगावर असलेलं काहीतरी कुणी काढून घेतल्यासारखं त्याला उघडं वाटलं.

उतरताना तो दोनदा पडला. दुसऱ्यांदा उठावंसं वाटेना. गाल चिखलात होता, चिखल गार होता, नाकाशी कुजक्या पानांचा गोडसर वास होता आणि इथंच राहावं, शेवाळाला आपलंही काय करायचं ते करू द्यावं, हा विचार इतका सरळ आणि शांत आला की त्याचंच नवल वाटलं. तेवढ्यात वेतवाल्यानं काखेत हात घालून त्याला उभं केलं. "मेल्यासारखं करायला डोंगर नको," तो हलक्या आवाजात म्हणाला. "ते घरीही करता येतं. एका खेपेला एकच मेलेला माणूस खाली नेतो मी, आणि तो त्या बाईंच्या पाठीवर आहे. चला."

पायथ्याच्या बसथांब्यावर फोन लागला. सकाळची वेळ होती, थांब्यामागे कुणीतरी झाडू मारत होतं. भावजयीनं स्वतःचा फोन त्याच्यापुढे धरला. आईचा नंबर तिनं आधीच लावला होता. "मी सांगणार नाही," ती म्हणाली.

"सापडला?" आईनं विचारलं. सह्यांचं तिनं कधी खरं मानलंच नव्हतं.

"सापडला, आई." मग त्यानं सांगायला सुरुवात केली. झाडूवाला थांबून बघायला लागला, तरी तो बोलत राहिला. बोटं, तांब्या, तिसरी सकाळ, आठ गोळ्या. काही गाळलं नाही. पलीकडून श्वास येत होता, म्हणून फोन चालू आहे हे कळत होतं.

"तो जा म्हणाला नसणार, हे मला पहिल्या दिवशीच कळलं होतं," आई म्हणाली. "अंघोळीला गेला तरी दाराला कडी लावायचा नाही तो. माझं पोर मला ठाऊक नाही?"

"मग विचारलं का नाहीस मला?"

"विचारलं असतं तर तू खरं सांगितलं असतंस. मग माझी दोन्ही पोरं गेली असती." ती थांबली. "पण ते तिसऱ्या दिवसाचं... ते मला ठाऊक नव्हतं. ते नव्हतं रे ठाऊक." आणि मग, अगदी कोरड्या आवाजात, "तिला दे फोन."

भावजय फोन घेऊन चार पावलं लांब गेली. पाठीवरची सॅक तिनं उतरवली नव्हती. ती नुसती ऐकत होती. एकदा तिनं कपाळ थांब्याच्या लोखंडी खांबाला टेकवलं. एकदा म्हणाली, "मला नाही जमणार ते." मग पुन्हा ऐकत राहिली. परत आली तेव्हा बस लागली होती आणि कंडक्टर घाई करत होता.

"काय म्हणाली?" थोरल्यानं विचारलं.

"म्हणाल्या, त्याला एकट्याला सोडून येऊ नकोस." तिनं डोळे पुसले नाहीत, त्याच्याकडे पाहिलंही नाही. "मला तुमच्याबरोबर बसायचं नाहीये. तुमचं तोंड बघायचं नाहीये. त्यांना मी हो म्हटलेलं नाही."

कंडक्टर म्हणाला, "ताई, ती बॅग टपावर टाका, आत जागा नाही."

"नाही," भावजय म्हणाली, आणि आत चढली. खिडकीशी बसली, सॅक मांडीवर घेतली, दोन्ही हात तिच्याभोवती आवळले. थोरला खालीच उभा होता. घंटीची दोरी ओढली गेली, बस हलली, त्याचे पाय काही हलेनात. तेवढ्यात तिनं खिडकीच्या गजातून बाहेर बघत, सगळ्या बसला ऐकू जाईल एवढ्या रागानं, म्हटलं, "चढा ना! उभे काय राहिलात?"

तो धावला आणि चढला. शेजारची जागा तिनं दिली नाही. तो मागे, दारापाशी, दांडीला धरून सात तास उभा राहिला.